फॉल म्हणजे पडणे

गावच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं आणि मी चौथीत शाळा सोडली. त्यामुळे इंग्रजीची आणि माझी भेट एका वर्षानं चुकली. तरी गंमत अशी, की लग्न होऊन लालबागला आल्यावर माझी सगळी उमेदीची वर्षं ज्या कामात गेली त्या कामाचं नावच इंग्रजी होतं. फॉल. तो शब्द मी रोज तोंडानं म्हणत होते, आमच्या खोलीच्या दारावर यांनी रंगानं लिहून ठेवला होता, 'येथे फॉल-बिडिंग करून मिळेल'. पण त्याचा अर्थ काय, हे मला खूप वर्षांनी कळलं. ज्यांनी सांगितला त्या बाई आता नाहीत. त्यांच्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

आमच्या चाळीच्या वाचनालयात दिवाळी अंक येतात. त्यात कुणी पोलीस इन्स्पेक्टर, कुणी डॉक्टर, कुणी स्टेशनमास्तर आपल्या नोकरीतल्या आठवणी लिहितात. मी अंक उघडला की आधी तेच वाचते. फॉल लावणाऱ्या बाईनं लिहिलेलं मात्र अजून वाचनात आलेलं नाही. माझं हे छापायला द्यायचं नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की मी मागे सरकते, तिथे छापणं दूरच. पण लिहून बघायला काय हरकत आहे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फॉल म्हणजे सुती कापडाची लांब पट्टी, अर्ध्या वितीहून थोडी जास्त रुंद. साडीच्या खालच्या काठाला ती आतून लावतात, निऱ्या येतात तेवढ्या भागाला. साडी जमिनीला घासते तेव्हा काठ विरायच्या ऐवजी ही पट्टी विरते. आणि पट्टीच्या वजनानं साडी खाली ओढलेली राहते, निऱ्या फुगत नाहीत. बिडिंग म्हणजे साडीची दोन्ही टोकं बारीक दुमडून शिवणं, म्हणजे धागे सुटत नाहीत.

काम सोपं दिसतं. पण नवा फॉल आधी पाण्यात भिजवावा लागतो, वाळवून इस्त्री करावी लागते. न भिजवता लावला तर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि चांगल्या साडीचा काठ म्हाताऱ्या माणसाच्या कपाळासारखा दिसायला लागतो. वरची शिवण हातानं घालायची. सुईनं साडीचा एखादाच धागा उचलायचा, बाहेरून टाका दिसता कामा नये. आणि सुई लावण्याआधी साडी अंगाला लावून, पदर डाव्या खांद्यावर टाकून बघायची, की खालचा काठ नक्की कुठला. नव्या बायका इथे हमखास चुकतात. वरच्या काठाला फॉल लागतो, आणि पदरावरचे मोर डोकं खाली करून लटकतात.

आमच्या सासूबाई नऊवारी नेसायच्या. नऊवारीला फॉल नसतो. मी दादरच्या एका मॅचिंग सेंटरमधून साड्यांचं पहिलं गाठोडं घेऊन आले तेव्हा त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"ह्या काय गो?"

"फॉल आहे, आई. साडीला खालून लावायचा."

"लुगड्याक खालसून पट्टी कित्याक? लुगडा काय पळान जाता?"

"सगळ्या लावतात मुंबईत."

"माझ्या आवशीन लावल्यान नाय, माझ्या सासयेन लावल्यान नाय. तरी आमची लुगडी पायातच रवली." असं म्हणून त्यांनी फॉल हातात घेतला, ताणून बघितला आणि म्हणाल्या, "कापड बरा आसा. बाळत्यांका चालतला."

पुढे त्याच माझे फॉल भिजवून, पिळून, गॅलरीत वाळत घालायच्या. उन्हाच्या दिवसांत आमच्या मजल्यावर सगळ्या रंगांच्या पट्ट्या हलत असायच्या. खालून जाणारे लोक वर बघायचे. सासूबाईंना त्याचा अभिमान होता. शेजारणीनं चादर वाळत घातली तर म्हणायच्या, "सर गो वायच, आमचो फॉल वाळता."

गिऱ्हाइकं मॅचिंग सेंटरमधून यायची, तशी थेटही यायची. एकदा एक उंच, मिशी काढलेला बाप्या दारात उभा राहिला. हातात जरीची लाल साडी. आमच्या कोकणातलाच, दशावतारी नाटकात राणीचं काम करणारा. परळला त्यांच्या कंपनीचा प्रयोग होता.

"काकी, ह्येका फॉल लावन व्हयो."

सासूबाईंनी विचारलं, "कोणासाठी रे?"

"माझ्यासाठी. युद्धाचो प्रसंग आसा. गिरकी घेतलंय की साडी छत्रीसारखी फुलता आणि लोकांका माझी हाफ पँट दिसता."

मी साधा फॉल लावून दिला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. साध्या फॉलनं काही होत नव्हतं, त्याच्या गिरकीत जोर फार. तेव्हा सासूबाईंना सुचलं. आमच्याकडे शीव कोळीवाड्याहून मावरं घेऊन एक कोळीण यायची. तिच्याकडून जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी मागून घेतले आणि मी ते फॉलच्या आत एकेक करून शिवले. पुढच्या प्रयोगानंतर राणीसाहेब आले ते लंगडतच.

"साडी रवली काय रे जाग्यार?" सासूबाईंनी विचारलं.

"साडी रवली. पण घोटे फुटले माझे. मणी काढ गो काकी, तू आपलो साधोच ठेव. बघू देत लोकांका हाफ पँट."

असं हसायला व्हायचं. पण या कामातली मला आवडणारी गोष्ट दुसरीच होती. नवा फॉल लावण्यापेक्षा जुना काढण्यात मला रस वाटायचा. जुना फॉल उसवून जमिनीवर पसरला की ती बाई कशी चालते ते दिसतं. कुणाचा फॉल मधोमध विरलेला असतो, कुणाचा एकाच टाचेकडे. घरातल्या घरात वावरणाऱ्या बाईचा फॉल पिवळा पडतो पण फाटत नाही. रस्त्यानं पायी फिरणारीचा खाली काळा होतो, मग त्याचे धागे निघतात. नर्सबाई, मास्तरीणबाई, पतपेढीच्या वसुलीला फिरणाऱ्या बाई, त्यांचे फॉल मी न सांगता ओळखायचे. तोंडानं मी कुणाशी फार बोलले नाही. पण बायकांचे पाय मला ठाऊक होते.

आता एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. सगळ्याच साड्यांना फॉल लावत नाहीत. देवीची ओटी भरायची साडी कोरी असते. तिला सुई लागलेली चालत नाही. आणि सवाष्ण बाई गेली की तिला शेवटची जी नवी साडी नेसवतात, बहुतेक हिरवी, तीही कोरीच. तिला फॉल नाही, बिडिंग नाही. त्या साडीला जमिनीवर चालायचं नसतं.

सबनीसबाई पहिल्यांदा आल्या त्या दुपारी मी एकटीच होते. सासूबाई तोवर गेल्या होत्या, हे कामावर होते. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं तर गोऱ्या, बारीक, डोक्याला सुती रुमाल घट्ट बांधलेल्या एक बाई. रुमालाखाली केस नव्हते. परळच्या हॉस्पिटलात उपचार घेणारी माणसं आमच्या भागात नेहमी दिसतात, म्हणून लगेच समजलं.

"इथे फॉल-बिडिंग करून मिळेल ना? तसं लिहिलंय."

मी मान हलवली.

"लिहिलंय शुद्ध. बिडिंगची 'बि' कुठली असावी यावर वाद घालता येईल, पण आज घालत नाही," असं म्हणून त्या हसल्या आणि न विचारता माझ्या स्टुलावर बसल्या. "दमले. दोन मिनिटं टेकते."

त्यांनी पिशवीतून साडी काढली. हिरवीगार रेशमी, जांभळे काठ. हात फिरवला तर सरकून जाणारी. म्हणाल्या, "मुलीचं लग्न आहे, अनघाचं. मी वधूमाय. गिरगावात आमच्या शेजारी फॉल लावून देतात, पण तिथे दिली की अख्खी वाडी विचारते, आता कसं वाटतंय. हॉस्पिटलात जाता-येता हा तुमचा बोर्ड दिसायचा. इथे मला कुणी ओळखत नाही."

मी साडी त्यांच्या अंगाला लावून काठ बघितला. त्या ताठ उभ्या राहिल्या, पण हात माझ्या खांद्यावर ठेवून.

"पुढच्या वेळी हॉस्पिटलात येईन तेव्हा नेते. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. तेवढाच शब्द बोलले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नणंदबाई आल्या. वयानं मोठ्या, नीटनेटक्या, हातात साधी पर्स. दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काल माझी भावजय साडी देऊन गेली. हिरवी."

"होय. फॉल भिजत घातलाय."

"लावू नका."

मी बादलीतल्या फॉलकडे बघितलं.

"डॉक्टरांनी आम्हाला सांगितलंय. लग्नापर्यंत... सांगता येत नाही म्हणाले. तिला ठाऊक नाही. साडी कोरीच राहू दे, बाई. एवढ्या हौसेनं घेतलीय तिनं. नेसायला नाही मिळाली, तर निदान..." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते?"

कळत होतं. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. भावजयीच्या आवडीची साडी शेवटी तरी तिच्या अंगावर पडावी, एवढंच त्यांचं म्हणणं. मी विचारलं, "बाईंना काय सांगू?"

"सांगा, वेळ झाला नाही." आणि त्या गेल्या.

भिजवलेला फॉल बादलीतून काढला, पिळला, गॅलरीत वाळत घातला. सासूबाई असत्या तर त्यांना विचारलं असतं. जिनं स्वतः येऊन खांद्यावर हात ठेवला तिचं ऐकू, की जिला डॉक्टरांनी सांगितलंय तिचं? मला असल्या गोष्टींत बोलता येत नाही. मला फक्त सुई चालवता येते. म्हणून मी सुईनंच मधला मार्ग काढला. कच्चा टाका घातला. लांब लांब टाके, एकच दोरा, शेवटी गाठ नाही. वरून बघितलं तर फॉल लागलेला दिसतो. लागलंच तर एक टोक धरून ओढलं की सगळा दोरा निघून हातात येतो आणि साडी होती तशी कोरी. कच्चा टाका म्हणजे काही शिवण नव्हे, असं मी मनाला समजावलं.

बाई न्यायला आल्या तेव्हा नणंदबाई सोबत होत्या. त्या दारातच उभ्या राहिल्या. बाईंनी स्टूल ओढलं, साडी मांडीवर घेतली आणि काठ उलटून बघितला. बोट फिरवलं. मग टोकाचा दोरा दोन बोटांत धरला आणि सहज ओढला. सरसर सरसर सगळा दोरा निघाला. फॉल खाली गळून पडला.

खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

बाईंनी दोऱ्याची गुंडाळी केली, माझ्या सुयांच्या डबीत ठेवली आणि मागे न बघता म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही येऊन गेलात वाटतं इथे."

"मी? छे, मी कशाला..."

"तुमचं खोटं बोलणं लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय मी. अजून सुधारलं नाही."

नणंदबाई रडायलाच लागल्या. "अगं, मला वाटलं, तुझीच साडी तुला..."

"तुम्हाला वाटलं ते बरोबर वाटलं. पण माझ्यासाठी दुसरी घेऊन ठेवा. स्वस्तातली चालेल, तिथे काठ बघायला कोण येतंय? ही मी नेसणार आहे."

"काहीतरीच बोलतेस! मेलं ते तोंड आवर."

"बसा तुम्ही. तिथे खाट आहे." मग बाई माझ्याकडे वळल्या. माझं तोंड नक्की पांढरं पडलं असणार. रागावतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "तू घाबरू नकोस गं. आत्ता लावशील? माझ्यासमोर. पक्का."

मी खाली बसले, साडी मांडीवर घेतली, दोरा ओवला आणि गाठ मारली. पहिला टाका वाकडा पडला, तो उसवला. ते बाईंच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी एकदम शाळेतल्यासारखा आवाज काढला.

"मी काय करायचे, ठाऊक आहे? गिरगावात शाळेत इंग्रजी शिकवायचे. पाचवीला."

"मी चौथीत सोडली," मी म्हटलं.

"म्हणजे थोडक्यात निसटलीस माझ्या हातून. चल, आज बस वर्गात. फॉल म्हणजे काय?"

"पट्टी."

"पट्टी आपण केली. त्यांच्यात ते क्रियापद. पडणे."

माझी सुई थांबली. "पडणे? म्हणजे धडपडणे?"

"तेही. पण नुसतं तेवढं नाही. मला सांग, फॉल लावून दिलास की गिऱ्हाइकाला काय म्हणतेस? निऱ्या कशा..."

"छान पडतात," मी म्हटलं आणि म्हणता म्हणताच कळलं.

"बघ! तूच सांगितलंस. कापड वरून सोडलं की जसं खाली येतं, त्याला तेही पडणंच म्हणतात. फार जुना शब्द आहे हा. त्यांना लिहिता येत नव्हतं तेव्हापासूनचा, जर्मन लोकांकडेही याचा भाऊ आहे. पूर्वी त्यांच्या बायका टोपीवरून तोंडावर जाळी सोडायच्या, तिलाही फॉल म्हणायचे. साडीच्या पट्टीला हे नाव कुठल्या दुकानदारानं दिलं ते मला नाही ठाऊक. पण ज्यानं दिलं त्यानं साडी नेसलेली बाई नीट बघितली होती."

"तर काय! दुकानदारांना दुसरं कामच नसतं," नणंदबाई खाटेवरून नाक पुसत म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो.

मग बाई सांगत गेल्या आणि मी टाके घालत गेले. पाऊस पडतो, तिथेही फॉल. भाव पडतो, फॉल. अंधार पडतो तसं त्यांच्यात रात्र पडते. कमी पडणे, तिथेही हेच क्रियापद. "त्यांची भाषा कुठली, आपली कुठली. मध्ये एवढा समुद्र. पण पडायच्या जागा बघ कशा सारख्या," त्या म्हणाल्या. "आजारी पडणे. फॉल इल. इथेही ते पडतात, आपणही पडतो."

"पुरे गं आता," नणंदबाई म्हणाल्या.

"का? प्रेमातसुद्धा पडतात. ते बहुधा आपण त्यांच्याकडून शिकलो. तुमचा भाऊ पडला होता की माझ्या. एका इंग्रजी क्रियापदापायी सबनीसांच्या घरात केवढा गोंधळ झाला होता, आठवतंय ना?"

"आठवतंय. मीच दार उघडलं होतं तुला."

"तुम्हीच उघडलंत," बाई म्हणाल्या. मी मान वर केली नाही.

शेवटी त्यांनी मला तीन रूपं शिकवली. फॉल, फेल, फॉलन. आज पडतं ते, काल पडलं ते, आणि पडून झालेलं ते. मी विचारलं, "फेल म्हणजे नापास ना?" त्या म्हणाल्या, "ते वेगळं. ते तुझ्या वाट्याला यायचं कारणच नाही, तू परीक्षेलाच बसली नाहीस." मी तिन्ही रूपं मनात म्हणत टाके घातले. एवढे बारीक आणि जवळ जवळ टाके मी आधी कधी घातले नव्हते, नंतरही नाही. शेवटी दुहेरी गाठ मारली. बाईंनी टोक धरून ओढून बघितलं. तसूभरही हललं नाही.

"हं," त्या म्हणाल्या. "आता झाला."

मला लग्नाची पत्रिका आली होती. दादरला हॉल होता, आमच्याकडून एका बसचं अंतर. हे म्हणाले, जाऊन ये. मी साडी बदलली, केस विंचरले आणि दारापर्यंत जाऊन परत आले. एवढी शिकलेली माणसं, तिथे जाऊन मी कुणाशी काय बोलणार? त्याची रुखरुख मला अजून आहे. बाई त्या दिवशी त्या साडीत उभ्या राहिल्या की नाही हे दिवसच्या दिवस कळेना. गॅलरीतून हॉस्पिटलाकडे जाणाऱ्या बायकांकडे मी बघत बसायचे.

मग एके दिवशी त्या आल्या. रुमालाखाली बोटाच्या पेराएवढे केस आले होते. पिशवीतून फोटो काढून माझ्या हातात दिला. मुलीच्या मागे उभ्या, हिरवी साडी, जांभळे काठ. मी आधी निऱ्या बघितल्या, मग चेहरा.

"कशा पडल्यात?" त्यांनी विचारलं.

"छान पडल्यात," मी म्हटलं.

त्यानंतर डॉक्टरांचा अंदाज चुकत राहिला. बाई दर काही महिन्यांनी यायच्या, कधी साडी घेऊन, कधी नुसत्याच. प्रत्येक खेपेला एखादं क्रियापद शिकवून जायच्या. बाजारातून आणलेल्या वस्तूसारखं ते मी मनात ठेवायचे आणि टाके घालताना काढून बघायचे. बरीचशी विसरले. त्यांच्या सांगण्यावरून मी वाचनालयात नाव घातलं. माझी सगळी शाळा म्हणजे ते एक स्टूल आणि त्यावर बसलेल्या बाई.

आता लालबाग ओळखू येत नाही. समोरची गिरणी जाऊन तिथे एवढा उंच टॉवर उभा राहिलाय की दुपारनंतर आमच्या गॅलरीत ऊन येत नाही. फॉल वाळायचा कुठे? पण आता तसे फॉल कोण लावतं! दुकानात साडी घेतली की तिथेच मशीनवर खडखड करून देतात. काही साड्या तर निऱ्या शिवूनच मिळतात, परकरासारख्या चढवायच्या. मला त्याचा राग नाही. घाईच्या बायकांना सोय झाली. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तसं मी काम घेणं बंद केलं. दारावरचा बोर्ड तेवढा राहिला, रंग उडालेला.

तो बोर्ड वाचत परवा दोघी जणी आल्या. एक पन्नाशीकडे झुकलेली, तिच्या हाताला धरून एक अगदी म्हाताऱ्या. त्या नणंदबाई होत्या. दुसरी अनघा. फोटोत बघितलेली, म्हणून ओळखली.

बरेच दिवस बाई आल्या नव्हत्या; त्या गेल्या वर्षी गेल्या, हे तेव्हा कळलं. दुखणं पुन्हा उलटलं आणि या वेळी थांबलं नाही. अनघानं माझा हात धरला, तिलाच माझं सांत्वन करावं लागलं.

नणंदबाई म्हणाल्या, "तिनं सांगितल्याप्रमाणे मी दुसरी आणली हो. कोरी. पण स्वस्तातली नाही आणली. मला नाही जमलं."

अनघानं पिशवीतून साडी काढली. तीच. हिरवा रंग थोडा मवाळ झाला होता. "मावशी, मला ही गणपतीत नेसायचीय. सगळीकडे विचारलं, कुणी हातानं लावून देत नाही. फॉल बदलून द्याल का? आई नेहमी म्हणायची, हा फॉल लालबागचा आहे."

मी आता काम घेत नाही, हे सांगायचं राहूनच गेलं. चष्मा लावला, साडी मांडीवर घेतली, ब्लेड घेऊन उसवायला बसले. माझेच टाके मला निघेनात. एकेक कापावा लागला. अनघानं दोरे वेचले. शेवटी फॉल सुटून हातात आला तो मी जमिनीवर पसरला, आयुष्यभर पसरत आले तसा.

खालची कड काळी झाली होती. रस्त्याची धूळ, ती धुतली तरी जात नाही. मधला भाग जाळीसारखा झाला होता, आणि दोन्ही टाचा लागतात तिथे फॉल आरपार गेला होता. एवढ्या वर्षांत एवढा विरलेला फॉल मी दुसरा बघितला नव्हता. पण त्याच्या आतला साडीचा काठ नव्यासारखा होता.

"एवढी नेसायची ही साडी?" मी विचारलं.

"सगळीकडे," अनघा म्हणाली. "माझ्याकडे नाशिकला, बाबांच्या एकसष्टीला, वाडीतल्या प्रत्येक मुंजीला. हळदीकुंकवाला पायी हिंडायची ही नेसून. मी म्हणायचे, अगं आई, जपून ठेव, भारी साडी आहे. तर म्हणायची, जपून ठेवायला नाही घेतलेली."

नणंदबाईंनी फॉल हातात घेतला, दारातल्या उजेडाकडे धरला. भोकातून त्यांचं बोट आरपार गेलं.

"कुठं कुठं फिरली गं ही," त्या म्हणाल्या.

मी उठले. कपाटात तळाशी एक हिरवा फॉल राहिला होता, तो काढला. मोरीत जाऊन बादली भरली आणि तो भिजत घातला.